खरखर, घरघर आणि पाच पायांची आयसी

दिल्लीत जुन्या गिटार अ‍ॅम्पचा सुटा भाग शोधायला निघालं, की कंपनीचं नाव सांगून काहीच हाती लागत नाही. फेंडर, मार्शल, पीव्ही, रोलँड ही नावं काउंटरपलीकडच्या माणसाने ऐकलेली असतात, पण त्याच्या धंद्याशी त्यांचा संबंध नसतो. त्याला आकडे हवे असतात. कंडेन्सर किती मायक्रोफॅरडचा आणि किती व्होल्टचा? ट्रान्सफॉर्मर बारा-शून्य-बारा की अठरा-शून्य-अठरा? व्हॉल्यूम दहा केचं की पन्नास केचं? ही उत्तरं तोंडपाठ असली तर पाच मिनिटांत काम होतं. नसली तर जळका भाग खिशात घेऊनच यावं लागतं, कारण या बाजारात मोडका नमुना हीच खरी चिठ्ठी.

‘दुरुस्ती’ हा विषय घेऊन राजधानीच्या परिसरात हिंडताना एक विसंगती ठायी ठायी दिसते. नोएडात जुलै २०१८ मध्ये सॅमसंगच्या विस्तारित मोबाइल कारखान्याचं उद्घाटन झालं, तेव्हा तो जगातला सर्वांत मोठा म्हणून गाजला. त्याच नोएडाच्या एखाद्या सोसायटीत गिटार शिकणाऱ्या मुलाच्या जुन्या अ‍ॅम्पचं एक व्हॉल्यूम झिजलं, तर त्याच्या वडिलांना मेट्रो पकडून जुन्या दिल्लीत जावं लागतं. उत्पादन परिघावर गेलं, सुटे भाग मात्र मध्यातच राहिले.

हा छोटा सरावाचा अ‍ॅम्प म्हणजे तसा गरीब प्राणी. दहा-पंधरा वॅटची ताकद, साडेसहा किंवा आठ इंचांचा एक स्पीकर, लाकडी भुशाच्या फळीचं खोकं, त्यावर काळं रेक्झिन. आत एक ट्रान्सफॉर्मर, एक बोर्ड, बोर्डावर ४५५८ किंवा टीएल ०७२ जातीच्या एक-दोन ऑप-अ‍ॅम्प, आणि शेवटी पत्र्याला स्क्रूने आवळलेली पॉवर आयसी. यातला जवळजवळ एकही भाग गिटारसाठी म्हणून जन्मलेला नाही.

लाल किल्ल्यासमोरची पुटं

मे २०१७ मध्ये मेट्रोची व्हायोलेट लाइन काश्मिरी गेटपर्यंत पोचली आणि लाल किला स्थानक सुरू झालं. तिथून बाहेर पडलं की समोर किल्ल्याची भिंत, एका बाजूला दिगंबर जैन लाल मंदिर आणि चांदणी चौकाच्या तोंडाशीच लाजपतराय मार्केट. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांना पोट भरायला म्हणून वसवलेला हा बाजार. पुणेकराने बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि मुंबईकराने लॅमिंग्टन रोड डोळ्यांपुढे आणावा, आणि गर्दी मनानेच वाढवून घ्यावी.

बाजार समजून घ्यायचा तर त्याच्या लाटा पाहाव्या लागतात. आधी रेडिओ, मग ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्ही. १९८२च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला. त्यानंतर कॅसेटचे डेक, गाडीतले स्टिरिओ, डिश अँटेना, सीसीटीव्ही, एलईडीच्या माळा. प्रत्येक लाट ओसरताना मागे न विकला गेलेला माल सोडून गेली आणि तो दुकानांच्या पोटमाळ्यांवर, पत्र्याच्या खणांत साठत राहिला. गिटार अ‍ॅम्पची स्वतःची लाट इथे कधी आलीच नाही. तो इतरांच्या उरल्यासुरल्यावर जगतो. त्याची पॉवर आयसी मिळते ती डेकवाल्यांमुळे, त्याचा ट्रान्सफॉर्मर मिळतो तो घरगुती अ‍ॅम्प्लिफायर जुळवणाऱ्यांमुळे, आणि त्याचा जॅक मिळतो तो जागरण-कीर्तनाच्या माइकवाल्यांमुळे.

हा शेवटचा ग्राहक दिल्लीत फार मोठा. मंडप, माता की चौकी, रामलीला, निवडणुकीची सभा, सगळीकडे लाउडस्पीकर. १९४० साली सुरू झालेली अहुजा ही कंपनी दिल्लीचीच. तिचे अ‍ॅम्प्लिफायर देशभर देवळांत, शाळांत, फलाटांवर बसले. त्यामुळे पाव इंची गिटार जॅकला दिल्लीचा दुकानदार ‘पी-अडतीस’ म्हणतो. गिटार शिकवणाऱ्या सरांनी सांगितलेलं इंग्रजी नाव इथे घेतलं तर समोरचा क्षणभर बघत राहतो. ‘पी-अडतीस, मोनो, फीमेल’ म्हटलं की हात आपोआप योग्य डब्याकडे जातो.

शेजारच्या भगीरथ पॅलेसमध्ये वायर, स्विच, फ्यूज, तीन पिनांची कॉर्ड. ही एकेकाळची बेगम समरूची हवेली. आज तिच्या खांबांना केबलची वेटोळी लटकतात. २०२२च्या जानेवारीत लाजपतराय मार्केटला आग लागली आणि डझनावारी दुकानं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात भगीरथ पॅलेस पेटला आणि ती आग विझायला काही दिवस लागले. नवा माल आठवड्याभरात पुन्हा भरता येतो. जळतो तो जुना साठा, आणि ज्याचं उत्पादनच बंद झालंय ते घाऊक व्यापाऱ्याला फोन करून मागवता येत नाही.

कानाने केलेलं निदान

जाणता कारागीर अ‍ॅम्प उघडण्याआधी ऐकतो. आवाजच पुष्कळ सांगून जातो.

बटण फिरवताना खरखर आली, तर व्हॉल्यूमच्या आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसलेली असते. दिल्लीची हवा आणि पट्टीवरचा घासता संपर्क यांचं हे जुनं वैर. इलाज साधा: कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि बटण वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत. रस्त्यावरच्या काही दुकानांत मात्र थिनर किंवा पेट्रोल सर्रास वापरतात. खरखर तेवढ्यापुरती जाते. पण फिरण्यातला मऊपणा देणारं ग्रीसही त्याबरोबर धुऊन निघतं, आणि काही महिन्यांत ग्राहक परत दारात.

घरघर वेगळी. ती बटणाला हात न लावता येते, आणि इथे गिटार वाजवणाऱ्याचा कान मीटरपेक्षा सरस ठरू शकतो. भारतात वीज ५० हर्ट्झची. डायोडच्या पुलातून गेल्यावर तिची लहर दुपटीने, म्हणजे १०० हर्ट्झने येते आणि ती गुळगुळीत करणं हे फिल्टर कंडेन्सरचं काम. तो सुकला की हे १०० हर्ट्झ थेट स्पीकरमधून ऐकू येतात. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा ‘जी’ हा ९८ हर्ट्झचा स्वर. म्हणजे तो स्वर छेडावा आणि अ‍ॅम्पची घरघर त्याच्या आसपास बसते का ते पाहावं. बसली, तर कंडेन्सर बदला. घरघर एक सप्तक खाली वाटली, तर ती ५० हर्ट्झची असते. तेव्हा दोष अर्थिंगमध्ये, केबलच्या जाळीत किंवा गिटारच्याच वायरिंगमध्ये शोधायचा. अमेरिकेत ही युक्ती याच स्वरावर चालत नाही, तिथली वीज ६० हर्ट्झची.

राजधानीच्या परिसरात तिसरा एक आवाज भेटतो: वीज गेल्यावर सुरू होणारी चरचरती भुणभुण. अनेक घरांतले स्वस्त इन्व्हर्टर गोलाईदार साइन वेव्ह देत नाहीत, कोनाकोनांची लहर देतात. पंखा ती निमूटपणे सोसतो, फार तर थोडा गुणगुणतो. अ‍ॅम्प ती वाजवूनच दाखवतो. अशा वेळी धडधाकट अ‍ॅम्प दुरुस्तीला येतो आणि दुकानात चालवून पाहिला तर एकदम ठणठणीत.

कंडेन्सर सुकतात ते आतल्या ओल्या रसायनामुळे. डब्यावर ८५ किंवा १०५ अंश असा आकडा असतो. त्या तापमानाला साधारण दोन हजार तास टिकण्याची हमी, आणि तापमान दर दहा अंशांनी उतरलं की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट, असा हिशेब आहे. दिल्लीच्या मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवलेल्या अ‍ॅम्पला तो उलट्या बाजूने लागू पडतो. म्हणून बदलताना १०५ अंशांचाच घ्यावा. किमतीतला फरक किरकोळ असतो, पण मागितल्याशिवाय बहुधा ८५चाच हातात पडतो.

आणि मग पूर्ण शांतता. अ‍ॅम्प मेला, असं मालक सांगतो. दिवा लागतो, आवाज नाही. अशा वेळी आधी हेडफोनच्या भोकाकडे बघावं. बऱ्याच छोट्या अ‍ॅम्पमध्ये स्पीकरकडे जाणारा आवाज या सॉकेटच्या आतल्या पितळी पट्टीवरूनच जातो. हेडफोन खुपसला की पट्टी उचलली जाऊन स्पीकर बंद. वर्षानुवर्षं हेडफोन लावलाच नाही, तर पट्टी गंजते आणि हेडफोन नसतानाही स्पीकर बंदच राहतो. प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर केला की अ‍ॅम्प बोलू लागण्याची बरीच शक्यता. प्रामाणिक कारागीर याचे पैसे मागायला लाजतो. सगळेच लाजतात असं नाही.

दिवाही लागत नसेल तर सीरिज बोर्ड बाहेर येतो. लाकडी फळीवर एक होल्डर, त्यात शंभर वॅटचा पिवळा बल्ब आणि बल्बच्या मागोमाग अ‍ॅम्प. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट. एलईडीने पिवळा बल्ब हद्दपार केला तरी दुरुस्तीच्या टेबलावर त्याला पर्याय नाही, कारण इथे त्याचा तापता तंतूच संरक्षण देतो. याउलट फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळून ‘चालू करून दिलं’ म्हणणारे महाभागही आहेत. त्यांच्याकडून आलेला अ‍ॅम्प पुढच्या वेळी ट्रान्सफॉर्मरसकट जळून येतो.

हे सगळं ट्रान्झिस्टर-आयसीवाल्या अ‍ॅम्पबद्दल. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये ३०० ते ४०० व्होल्ट असतात आणि पिन काढल्यावरही ते कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतात. तिथे शिकाऊ हात नको.

पाच पायांची आयसी

छोट्या अ‍ॅम्पचं हृदय म्हणावी अशी पॉवर आयसी बहुतेक वेळा पाच पायांची असते: टीडीए २०३०, टीडीए २०५० किंवा एलएम १८७५. तिघींचे पाय एकाच क्रमाने लागतात, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसते. लाजपतराय मार्केटमध्ये ही सोय पुरेपूर वापरली जाते आणि कधी कधी तीच नडते.

टीडीए २०३०ला प्रत्येक बाजूने जास्तीत जास्त १८ व्होल्ट चालतात, तिच्या ‘ए’ भावंडाला २२, टीडीए २०५०ला २५, एलएम १८७५ला त्याहून जास्त. आता बारा-शून्य-बाराचा ट्रान्सफॉर्मर घ्या. डायोड-कंडेन्सरमधून गेल्यावर बाराचे जवळजवळ सतरा होतात. रात्री लाइनचा दाब वर गेला, अ‍ॅम्प नुसताच चालू ठेवला, की अठराची रेषा ओलांडली गेली. अठरा-शून्य-अठराचे तर पंचवीस होतात. तिथे साधी २०३० बसवणं म्हणजे ती फुटण्याचा मुहूर्त काढण्यासारखंच. म्हणून आयसी बदलण्याआधी तिच्या पायांशी किती व्होल्ट येतात हे मोजायला हवं. गर्दीच्या दुकानात हे दोन मिनिटांचं काम टाळलं जातं आणि नवी आयसी आठवड्यात जाते. दोष मग ‘डुप्लिकेट मालावर’.

तो आरोप पूर्ण खोटाही नाही. २०३० मुळात इटलीच्या एसजीएसची, म्हणजे आजच्या एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सची. मूळ कंपनीने ती बनवणं सोडल्यावर चिनी नकलांनी जागा घेतली. ‘चायना की ओरिजिनल?’ हा प्रश्न काउंटरवर अगदी सहज विचारला जातो, त्यात लपवाछपवी नसते. नक्कल शंभर रुपयांच्या आत मिळते आणि दहा वॅटच्या अ‍ॅम्पमध्ये बरी चालते. ‘ओरिजिनल’ म्हणून जे मिळतं ते कधी खरंच जुन्या साठ्यातलं असतं, तर कधी जुन्या बोर्डावरून उतरवून, पाय सरळ करून पुन्हा विकायला आलेलं. पायांवर शिशाचा जुना थर दिसला तर ओळखावं.

आणि अभ्रक. या आयसीच्या पाठीचा धातू आतून उणे बाजूला जोडलेला असतो. म्हणून दुहेरी सप्लायच्या अ‍ॅम्पमध्ये ती आणि पत्रा यांच्यामध्ये अभ्रकाची पातळ चकती किंवा सिलिकॉनचा पॅड लागतो, स्क्रूला प्लॅस्टिकची टोपी लागते. जुनी आयसी काढताना चकती तडकते किंवा पडून हरवते, आणि घाईत नवी तशीच आवळली जाते. चालू केलं की फट्. चूक चकतीची, शिव्या आयसीला.

मामाने अमेरिकेहून आणलेला

दिल्लीच्या घरांत परदेशातून आलेले अ‍ॅम्प बरेच सापडतात. १९९१च्या आधी आयातीवर इतकी बंधनं होती, की बाहेरचं वाद्य म्हणजे कुणाच्या तरी सामानातून आलेलं. नेमक्या त्या काळात दिल्लीतल्या रॉकची पायाभरणी होत होती. इंडियन ओशन हा बँड १९९०मध्ये उभा राहिला, परिक्रमा हा १९९१मध्ये. इंडियन ओशनने करोलबागेतल्या ज्या बंगल्यात वर्षानुवर्षं तालीम केली, त्याचा पत्ताच २०१०च्या त्यांच्या अल्बमचं नाव झाला: ‘१६/३३० खजूर रोड’. त्या पिढीतल्या कित्येक हौशी पोरांनी गिटार घरच्या डेकला किंवा मंडपवाल्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडून दिवस काढले.

अमेरिकी अ‍ॅम्प १२० व्होल्टचा. तो इथल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात सरळ घातला की नशिबाने फ्यूज जातो, नाहीतर ट्रान्सफॉर्मर. तो गेला म्हणून लगेच फेकू नये. बऱ्याच छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये पिवळ्या टेपखाली, पहिल्या वेटोळ्याला चिकटून एक थर्मल फ्यूज दडलेला असतो. कधी तेवढाच उडालेला असतो आणि वेटोळं शाबूत. वाइंडिंग करणारा कारागीर टेप हलक्या हाताने सोडवून हे पाहतो. वेटोळंच जळलं असेल तर तो तार कापून जुने फेरे मोजतो, त्यावरून दर व्होल्टला किती फेरे ते काढतो आणि २३० व्होल्टसाठी नव्याने गुंडाळतो. किंवा सरळ तयार भारतीय ट्रान्सफॉर्मर बसवतो. दुसरा मार्ग स्वस्त आणि माझ्या मते शहाणपणाचाही, फक्त स्क्रूची भोकं जुळत नाहीत. मग ड्रिल, आणि परदेशी पत्र्याला दिल्लीची दोन नवी भोकं.



कागदाचा आवाज

स्पीकरची परीक्षा दीड व्होल्टच्या सेलने होते. तारा टेकवल्या की ‘टक्’ आणि कागद हलला, तर कॉइल जिवंत. मीटरवर आठ ओहमचा स्पीकर सहा-सात दाखवतो. तो बिघडलेला नसतो, मीटर डीसी रोध दाखवत असतो. कागद फाटला किंवा कॉइल घासू लागली तर रीकोनिंग: जुना कोन, स्पायडर, कॉइल काढून नवे चिकटवायचे. हे सगळे भाग या बाजारात वजनी मालासारखे मिळतात.

फसगत होते ती बदली स्पीकर घेताना. बाजारात सर्वांत सहज मिळतो तो गाडीचा स्पीकर, आणि तो चार ओहमचा असतो. आठच्या जागी चार लावला की आयसीवर करंटचा भार जवळजवळ दुप्पट. वर गाडीच्या स्पीकरला ट्विटर असतो. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या पुढे मुद्दामच मुका असतो, म्हणून डिस्टॉर्शन त्यातून गोड लागतं. ट्विटरमधून तेच पत्रा कापल्यासारखं येतं. ग्राहकाला वाटतं अ‍ॅम्प अजून बिघडलेलाच आहे.

ज्याला किंमत नाही तोच मिळत नाही

आयसी मिळते, ट्रान्सफॉर्मर बनवून मिळतो, स्पीकर नव्याने कागद लावून मिळतो. अडतं ते बटणापाशी.

व्हॉल्यूमचे के आणि ए-बी जुळले तरी काम संपत नाही. ए म्हणजे कानाच्या चालीने चढणारं, बी म्हणजे सरळ रेषेत. इथवर ठीक. पण त्याचे पाय बोर्डात सरळ घुसणारे की काटकोनात वळलेले? दांडा सहा मिलिमीटरचा गोल, एका बाजूने सपाट, की दाते असलेला? दांड्याची लांबी पॅनेलच्या बाहेर किती? या सगळ्या गोष्टी एकाच वेळी जुळणारा नग मिळणं हा शुद्ध योग. जागरणवाल्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरची व्हॉल्यूम पॅनेलला नटाने आवळलेली आणि तारांनी जोडलेली असतात. गिटार अ‍ॅम्पची बोर्डावरच डाग दिलेली. दुसऱ्यांच्या उरल्यासुरल्यावर जगण्याची मर्यादा इथे येते: वीज सगळ्यांची सारखी असते, पत्र्याची मापं नसतात.

इनपुट जॅकचंही तेच. तो प्लॅस्टिकचा असतो, थेट बोर्डावर. केबलवर पाय पडला की धक्का सरळ डागाला बसतो आणि त्याच्याभोवती केसाएवढी गोल चीर पडते. दिल्लीत याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. प्लग हलवला की आवाज येतो-जातो. सोल्डरिंगचा काविया टेकवून थोडं नवं शिसं ओतलं की बहुतेकदा निभावतं. जॅकच मोडला असेल, तर त्याच मापाचा प्लॅस्टिकचा नग शोधण्यात वेळ घालवू नये. धातूचा पी-अडतीस घ्यावा, पॅनेलच्या भोकात नटाने आवळावा आणि बोर्डापर्यंत दोन तारा न्याव्यात. हा बदल कारखान्यातल्या मूळ रचनेपेक्षा भक्कम ठरतो.

दर्यागंजात नेताजी सुभाष मार्गावर वाद्यांची जुनी दुकानं रांगेने आहेत. तिथे नवे अ‍ॅम्प आहेत, तारा आहेत, पट्टे आहेत. जुन्या अ‍ॅम्पचं बटण मागितलं तर मात्र बोट पुन्हा लाल किल्ल्याच्या दिशेलाच वळतं.

बोर्डच बदला

ही सगळी विद्या आली कुठून? काही आयटीआयच्या रेडिओ-टीव्ही मेकॅनिकच्या वर्गातून, काही उस्तादाच्या शेजारी स्टुलावर बसून, आणि काही दिल्लीहूनच १९६९पासून निघणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ मासिकातल्या सर्किटांवरून. टीव्हीची दुरुस्ती पॅनेल बदलण्यापुरती उरली, तसे नवे हात मोबाइलकडे, करोलबागच्या गफ्फार मार्केटकडे वळले.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आलेले डिजिटल अ‍ॅम्प या बाजाराच्या आवाक्याबाहेरचे आहेत. त्यांतला आवाज प्रोसेसरमध्ये घडतो, भाग तांदळाच्या कणीएवढे, प्रोग्रॅम कंपनीचा. नमुना खिशात घालून आणला तरी काउंटरवरचा माणूस काय ओळखणार? ‘बोर्ड बदला’ एवढंच उत्तर मिळतं, आणि तो बोर्ड फक्त कंपनी देऊ शकते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टु रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही त्याची चार क्षेत्रं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी द्यावी असा त्यामागचा विचार. गिटार अ‍ॅम्प विकणाऱ्यांवर त्याचा दाब पडायला अजून बराच अवकाश असावा.

निकालात निघालेले बोर्ड यमुनेपलीकडे सीलमपूरला जातात. तिथल्या गल्ल्यांत ते तापवून भाग उतरवले जातात. तांबं वेगळं, आयसी वेगळ्या, आणि त्या धुराची किंमत तिथे काम करणाऱ्यांची फुप्फुसं मोजतात. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकतात, यादीत १०६ वस्तू आहेत. सीलमपूरची गल्ली त्या कागदात नीटशी बसत नाही. पण लाजपतराय मार्केटमध्ये जुन्या, बंद झालेल्या आयसीची चौकशी केली आणि दुकानदाराने ‘दोन दिवसांनी या’ म्हटलं, तर ती कुठून येऊ शकते याचा अंदाज बांधायला हरकत नाही. आली की आधी पाय तपासावेत, मग पाठीमागची चकती मागून घ्यावी. ती वेगळी विकत मिळते, आणि न मागता कुणी देत नाही.